चार्टवरचे वीस श्वास

सिस्टरअक्का,

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोक येतात, तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावतात, मला म्हणतात, "नीलव्वा, तुमचं हक्काचं माणूस गेलं." गेलं खरं. पण मला धड रडू येत नाही. रडायला बसलं की पहिल्यांदा भांडण आठवतं. तुमचा भाचा मिलिंद म्हणाला, "मावशी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं." म्हटलं, बोलते की. पण आधी जे बोलायचं राहिलंय ते बोलू दे. पंधरा वर्षं तुम्ही मला "नंतर बोलू" म्हणून गप्प बसवलं. आता नंतर झालं.

बहात्तरच्या दुष्काळात मी तुमच्या दारात आले ती सासूचा ताप घेऊन. आपला दवाखाना तो काय, सोसायटीच्या खताच्या गोदामाला लागून दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. औषधाच्या वासाच्या आधी खताचा वास यायचा. त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी माणसं हगवण-उलट्यांनी आडवी झाली होती. एक गडी तर पोट धरून असा ओरडत होता की गोदामातली कबुतरं उडत होती. तुम्ही त्याच्या अंगावरून तशाच पुढं गेलात. त्यानं तुम्हाला शिवी घातली. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "ओरड दादा, ओरड. तू ओरडतोस तवर मला तुझी काळजी न्हाय." आणि भिंतीशी एक बाई गप पडली होती, कुणी बघत नव्हतं तिच्याकडं, तिच्यापाशी जाऊन बसलात.

तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती तशीच उभी राहिली, ओल्या फडक्याला चुणी पडावी तशी. डोळे आत गेलेले. "लघवी कवा झाली हिला?" तिची सासू म्हणाली, "काल सांजच्याला झाली आसंल." तुम्ही मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला पुढं केलात. सासूनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तुम्ही सरळ सांगितलंत, "बौद्धाची हाय मी." आणि त्या म्हातारीनं पेला हातानं मागं सारला. सून मरायला टेकलेली, आणि ही पेला मागं सारते.

तुम्ही एकदाच इकडंतिकडं बघितलंत. माझ्या कपाळावरचा भस्माचा पट्टा दिसला तुम्हाला. "लिंगायताच्या दिसताव. या इकडं. तुमच्या हातचं चालंल हिला." पेला माझ्या हातात दिलात आणि शेजारी उकिडवं बसून मला सांगत राहिलात. एक घोट. थांबा. गिळू द्या. आता परत एक. घाई केली तर सगळं बाहेर येईल. दिवस कलताना ती बाई हूं म्हणाली. तिसऱ्या दिवशी पायानं चालत सास्तूरला गेली.

मी तुम्हाला विचारलं होतं, "सिस्टर, राग न्हाय आला?" तुम्ही हात धुताना म्हणालात, "आला की. पर आधी तिला पाजायचं व्हतं. राग ठेवला बाजूला."

बाजूला ठेवलात, पण उचलायला परत कधी गेला नाहीत, हे माझं पहिलं गाऱ्हाणं. असे किती राग तुम्ही त्या व्हरांड्यात बाजूला ठेवलेत, अक्का? माझा हात चालतो आणि तुमचा चालत नाही, याची मला इतकी लाज वाटायची की मी पुढं कितीदा तो विषय काढला. दरवेळी तुमचं एकच. "ते राहू दे. तीन नंबरच्या खाटेवर बघून ये, श्वास किती हाय."

श्वास मोजायला तुम्ही शिकवलंत. मी निरक्षर विधवा बाई, पुढं तुमच्याच दवाखान्यात आया म्हणून कामाला लागले ती झाडलोट करायला आणि भांडी घासायला. अक्षरं मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून शिकले. मुरुमच्या बाजाराहून पुड्या येत त्या वर्तमानपत्राच्या कागदावर बोट फिरवत बसायची. पण माणूस वाचायला तुम्ही शिकवलं. नख दाबून सोडायचं आणि रंग किती वेळात परत येतो ते बघायचं. नाव-गाव विचारायचं, ते कळावं म्हणून नाही, एका दमात सांगता येतं का ते ऐकायला. गळ्याच्या खाली खड्डा पडतो का. नाकपुड्या फुगतात का. आणि श्वास मोजताना पेशंटाला कळू द्यायचं नाही. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, त्याला वाटू दे अजून नाडीच चाललीय, आपण मात्र छाती बघायची. "श्वास मोजतेय म्हटलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, नीलव्वा. पाव्हणे आल्यावर पोरं बसतात तसा." आणि मोजायचं ते पूर्ण एक मिनिट. तुमच्या छातीवर उलटं लटकवलेलं ते घड्याळ, त्याचा काटा पूर्ण फिरेपर्यंत तुम्ही कलेक्टर आला तरी मान वर करत नव्हता.

एवढं सगळं शिकवलंत आणि वर एक कुलूप घातलंत. "तू बघायचं. मला सांगायचं. डॉक्टरांपुढं बोलायचं न्हाय आणि चार्टाला हात लावायचा न्हाय." का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "आयानं डॉक्टरला शिकवलं म्हणून तुला काढतील, आणि मला विचारतील की आयाला डोक्यावर का बसवलं."

मग तो ऊसतोडीचा म्हातारा आला. तुम्ही विसरला नसाल. दुष्काळ सरून दोन हंगाम झाले होते, पलीकडं कारखाना चालू झाला होता, टोळ्या उतरल्या होत्या. म्हाताऱ्याला दोन दिवसांचा खोकला. तुम्ही त्या दिवशी लस टोचायला दुसऱ्या गावाला गेला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि मोजलं, मिनिटाला छत्तीस, धड माणसाच्या दुप्पट. परत मोजलं, छत्तीसच. चार्ट लिहायचे कंपाउंडर मामा. ते खुर्चीतून न उठता सगळ्या खाटांचा श्वास वीस लिहायचे. तापवाल्याचा वीस, बाळंतिणीचा वीस, मेलेला माणूस ठेवला असता तर त्याचाही वीसच लिहिला असता. आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आले, चार्ट बघितला, गोळ्या लिहिल्या, जीपमध्ये बसून उमरग्याला गेले. मी मोरीपाशी फडकं पिळत उभी. बोलले नाही. दुपारच्याला म्हातारा गेला.

तुम्ही आलात, चार्ट बघितलात, मला विचारलंत, "तू मोजलं व्हतंस?"

"व्हय. छत्तीस."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हीच सांगितलं व्हतं, बोलायचं न्हाय."

तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी चहा दिलात आणि म्हणालात, "नंतर बोलू." तेच ते नंतर. चूक कुणाची, अक्का? न बघता लिहिणाऱ्याची, बघून न बोलणारीची, की बोलू न देणारीची? मी पंधरा वर्षं उत्तर मागत राहिले. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की नीलव्वा, थोडं माझंही चुकलं. एवढंच हवं होतं. मी लगेच म्हटलं असतं, न्हाय हो, माझंच. पण तुम्ही म्हणायला पाहिजे होतं.

तुम्ही रिटायर झालात आणि भाच्याकडं राहिलात. आपण दोघी दुपारच्या शेंगा फोडत बसायचो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची तब्येत सांगायचो. "त्याच्या पायावर सूज हाय बघ." "ती सहा महिन्यांची गरवार हाय, लपवलालीय." मिलिंद हसायचा, म्हणायचा, "आत्या, लोकांना रस्त्यानं जाऊ द्या की नीट." मग तुम्हाला खोकला लागला. आठ दिवस तुम्ही तो धुळीवर ढकललात. मी म्हटलं, दवाखान्यात चला. म्हणालात, "मी दवाखान्यातच व्हते की तीस वर्षं."

शेवटी मिलिंदनं जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एसटीत तुम्ही माझा हात धरून एकच सांगितलंत. "काय बी झालं तरी मला सोलापूरला हलवू द्यायचं न्हाय. मिलिंदच्या पोराची शाळा बुडंल. माझ्यापायी कुणाची धावपळ नको."

इथून पुढचं मला लिहायचं नव्हतं. पण त्याच्यासाठीच तर बसलेय.

भरती केल्याचा तिसरा दिवस. दुपारचे चार. तुम्ही झोपला होता, तोंड जरा उघडं. मी शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. अडतीस. नखांकडं बघितलं, तर जांभळाचा डाग धुतल्यावर राहतो तसा रंग. तेवढ्यात ती शिकाऊ नर्स आली, संगीता. येडशीची पोरगी, बारीक चणीची, सारखी टोपी सरळ करणारी. तिनं तुमचं मनगट धरलं. तुम्ही जाग्या झालात. आणि मी काय बघितलं? तुम्ही जबडा आवळलात, दुसऱ्या हातानं चादरीची कड मुठीत धरलीत, आणि हळू, अगदी मोजून-मापून श्वास घेतलात. सोडलात. घेतलात. पोरगी ओठ हलवत मोजत होती. हल्लीच्या पोरी अर्धं मिनिट मोजतात आणि दुप्पट करतात. दहा झाले, वीस लिहिले. गेली. आणि तिची पाठ फिरली तशी तुमची मूठ सुटली आणि तुम्ही माशासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलात.

"सिस्टरअक्का, हे काय करलालाव?"

"काय?"

"श्वास आवरून धरताव. झोपेत अडतीस व्हता."

"कशावर... मोजलास?"

"भिंतीवरच्या घड्याळावर."

"ते मागं पडतंय." आणि हसलात. तशा अवस्थेत हसलात! मला चापट मारावी वाटली तुम्हाला.

"मी सांगते त्या पोरीला."

"गप. सांगितलंस तर... सोलापूरला... गाडीत घालतील. सकाळी बघू."

"तुम्ही पेशंट हाव, सिस्टर न्हाय आता."

"दोन्ही हाय." आणि ते बोट उचललंत. तेच, व्हरांड्यात डॉक्टर आले की गप बस म्हणून माझ्याकडं उचलायचात ते.

मी दारापर्यंत गेले होते, अक्का. उंबऱ्यातून संगीताला म्हटलंही, "पोरी, ह्यांचा श्वास झोपेत मोज." ती म्हणाली, "आत्ताच मोजला की आजी, वीस हाय." मी मागं बघितलं. तुमचं बोट अजून वरच होतं. मी परत येऊन बसले. सहा वाजता डॉक्टर फेरीला आले, चार्ट बघितला. "कसं वाटतंय आजी?" तुम्ही म्हणालात, "बरं." एकच शब्द, कारण दोन शब्दांपुरता दम तुमच्यापाशी नव्हता. हे त्या खोलीत फक्त दोन बायांना कळत होतं. एक तुम्ही. दुसरी मी, तुमच्याच तालमीतली, फडकं पिळत उभी राहणारी.

सकाळी ऑक्सिजन लावला, धावपळ झाली, ज्याची तुम्हाला नको होती तीच. दहाच्या सुमाराला संपलं.

आणि मग मी काय केलं ते ऐका. तुम्ही शरमेनं डोळे मिटाल, पण ते आधीच मिटलेत. मी व्हरांड्यात संगीताला धरलं आणि सगळ्या नातेवाइकांदेखत ओरडले, "न बघता लिहिलंस! वीस लिहिलंस! कंपाउंडरच्याच वळणावर गेलीस भवाने!" ती नुसती म्हणत होती, "मी मोजला होता आजी, खरंच मोजला होता." मला ठाऊक होतं तिनं मोजलाय. ठाऊक असून ओरडले. कुणाला तरी ते वीस चिकटवायचे होते, आणि तुमच्या अंगाला ते मला चिकटवता येईनात, माझ्याही नाही. मिलिंदनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. पोरीला कामावरून घरी बसवलं. चौकशी होईस्तोवर.

दहा दिवस तसेच गेले. संगीताचं शिक्षण पुरं व्हायला दोन महिने राहिलेले, हे मला तिथल्या झाडूवाल्या बाईनं सांगितलं. तिच्या बापानं म्हणे तोंड दाखवू नको म्हणून सांगितलंय. इकडं मिलिंद म्हणे, "मावशी, साक्षीला तुम्हीच पाहिजे." त्याला काय सांगू? तुझ्या आत्यानं सोंग केलं म्हणून सांगू? आणि मी बघत बसले म्हणून?

काल चौकशीला गेले. मेट्रनबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. वर पोचेपर्यंत मला दरदरून घाम फुटला होता. खोलीत मेट्रनबाई, तेच फेरीचे डॉक्टर, मिलिंद, आणि कोपऱ्यात खाली मान घातलेली संगीता. मी डॉक्टरांपुढं कधी बोललेली बाई नव्हे.

मेट्रनबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही म्हणालात ना, न बघता लिहिलं?"

"म्हणाले. खोटं म्हणाले."

मिलिंद ताडकन उठला. "मावशी!"

मी सगळं सांगितलं. झोपेतले अडतीस. मूठ. चादर. दहा श्वास. पोरीची चूक एवढीच, की अर्धं मिनिट मोजलं. डॉक्टर हसले. "आजी, अहो इतका दम लागलेली म्हातारी बाई असं सोंग करू शकत नाही. मलाही जमायचं नाही."

मला काय झालं कळत नाही, अक्का. जिने चढून आलेली मी, छाती भात्यासारखी चाललेली. मी हात पुढं केला. म्हटलं, "मेट्रनबाई, धरा. मोजा माझा. अर्धं मिनिट."

त्यांनी धरला. मी जबडा आवळला. पदराची कड मुठीत धरली. घेतला, सोडला. घेतला, सोडला. पाचव्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. सातव्याला वाटलं, बरगड्यांना आतून कुणी लाथा मारतंय. आणि तिथं, त्या खुर्चीत, मला कळलं तुम्हाला किती दुखलं असेल. दिवसातून किती वेळा पोरगी येऊन मनगट धरायची, आणि तितक्या वेळा तुम्ही हे केलंत, कुणाला त्रास नको म्हणून. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा, पण श्वास नाही सोडला.

"दहा," मेट्रनबाई म्हणाल्या.

मग मी सोडला. टेबलाला धरून इतक्या धापा टाकल्या की संगीतानंच पळत येऊन मला पाणी पाजलं. एक घोट दिला, थांबली, मग दुसरा. मी तिला म्हटलं, "पोरी, पूर्ण मिनिट मोजत जा. आणि पेशंट सिस्टर असली तर झोपेतच मोजत जा." डॉक्टर हसले नाहीत. मेट्रनबाईंनी माझं सगळं सांगणं कागदावर लिहून घेतलं, माझी सही घेतली.

बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, "आत्याला सगळ्यांपुढं खोटं पाडलंत तुम्ही." म्हटलं, "व्हय. तिनं मला गप केलं व्हतं, मी तिला खोटं पाडलं. आमचं आमी बघू." तो माझ्याशी बोलत नाही अजून. बोलेल. त्यालाही राग बाजूला ठेवायची सवय लागायला नको, म्हणून मी त्याला समजावायला गेले नाही. भांडू दे त्याला.

तुम्ही मला काय दिलंत ते सगळं इथं बसत नाही. तुम्ही नसता तर मी आजही त्या म्हातारीसारखी कुणाचा पेला कुणाच्या हातचा बघत बसले असते. हात धरून मला माणूस बघायला शिकवलंत, त्याचं देणं फिटायचं नाही. पण बोलायचं नाही हे जे शिकवलंत, ते मी काल त्या खोलीत सोडून आले. चूक कुणाची ते तुम्ही सांगितलं नाहीत, आता सांगणारही नाही. मग मीच ठरवलं. आपल्या दोघींची. तुमची थोडी जास्त.

रुसायचं तर रुसा. ती पोरगी आज दुपारपाळीला कामावर हाय.

तुमची,
नीलव्वा